बोटावरचा ठिपका

२००८ च्या आर्थिक क्रॅशनंतरचा उन्हाळा. मी आखातातल्या उम्म अल कुवैनच्या एका हॉस्पिटलमध्ये इमर्जन्सीला नर्स होते. इंडस्ट्रियल एरियातल्या कितीतरी शेड बंद पडल्या होत्या… उरलेली माणसं दुखणं सांगायलासुद्धा घाबरायची.

एका सकाळी एक फोरमन त्याच्या पेंटरला घेऊन आला. "सिस्टर, छोटा सा है. पट्टी बांध दो, यल्ला, जल्दी, काम पे जाना है."

डाव्या हाताचं अंगठ्याजवळचं बोट. टोकाला टाचणी टोचल्यासारखा ठिपका, रक्ताचं नाव नाही… पण बोट टम्म फुगलेलं, पांढुरकं, गार. पेंटरचं नाव रफिकभाई, दापोलीकडचे. मी मराठीत बोलले तसे ते जरा मोकळे झाले.

लोखंडी बीमना ते स्प्रे मशीनने रंग मारायचे. त्या मशीनचं प्रेशर इतकं की रंग कातडी फोडून आत घुसतो. नोझल तुंबलं की आधी पंप बंद करायचा, प्रेशर सोडायचं, ट्रिगर लॉक करायचा… मगच हात लावायचा. हे सगळं त्यांना पाठ होतं.

पण पंपापाशी उभा राहणारा जोडीदार कॉस्ट कटिंगमध्ये गावी गेला होता. पंप शेडच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि फोरमनची घाई. आदल्या संध्याकाळी त्यांनी नोझल तसंच बोटाने पुसलं… आणि ट्रिगर दाबला गेला.

"मग कालच का नाही आलात?"

"दुखत नव्हतं ओ फारसं. आणि सिक लीव्ह मागितली की पुढचा नंबर माझाच."

सर्जननी बोट पाहिलं आणि फोरमनला एवढंच म्हणाले, "काम खलास. ऑपरेशन, अभी."

आत रंग तळव्यापर्यंत पसरला होता, बोटातलं मांस मेलं होतं. बोट काढावं लागलं. हात वाचला.

दुसऱ्या दिवशी मी वॉर्डात गेले, तर रफिकभाईंनी मोबाइल माझ्यापुढे धरला. "सिस्टर, घरी तुम्हीच सांगा. माझ्याच्याने होत नाही."

अशा बातम्या देण्याची मला सवय होती… मी फोन लावला. त्यांच्या बायकोला सगळं सांगितलं.

त्या म्हणाल्या, "हात आहे ना त्यांचा?"

"आहे."

"मग त्यांना घरी पाठवा, सिस्टर. मी आहे म्हणावं."

मी ते जसंच्या तसं सांगितलं. रफिकभाई भिंतीकडे तोंड करून रडले. पुढे त्यांचा व्हिसा कॅन्सल झाला, ते गेले… गावी काही काम मिळालं का, मला कधीच कळलं नाही.

तुमच्या ओळखीत कुणी स्प्रे गनवर काम करत असेल तर एवढं सांगा… ठिपका कितीही बारीक असो, दुखत नसो, तडक हॉस्पिटल गाठायचं.

फोनवरच्या त्या बाईंचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण त्या दिवशी त्या वॉर्डात रफिकभाईंना जो धीर मिळाला, तो आम्हा कुणाकडूनच नव्हता… तो त्या बाईंनी दिला.