शेवटचं पान आधी

लिस्टमामा मेरिट लिस्ट नेहमी शेवटच्या पानापासून लावायचे. ते उल्हासनगरच्या आमच्या कॉलेजातले शिपाई. जूनमध्ये खळीचा डबा आणि ब्रश घेऊन ते फळ्यापाशी आले, की गर्दी म्हणायची, "मामा, पहिलं पान लावा ना आधी." मामा म्हणायचे, "वरच्यांना आपलं नाव माहीत असतं. जीव टांगलेला असतो तो खालच्यांचा."

मामांनी मनात आणलं तर नाव लागतं, असा पुष्कळ पालकांचा समज होता. एका सिंधी दुकानदारानं पापडांचा पुडा पुढे केला, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "साईं, लिस्ट पे पापड नहीं चिपकता." पुढे मुलाचं नाव त्याच्याच मार्कांवर लागलं आणि साईं तोच पुडा घेऊन पुन्हा आले. या वेळी मामांनी तो घेतला, चहाच्या स्टोव्हवर पापड भाजले आणि अख्ख्या ऑफिसला वाटले.

मी बाबांबरोबर खरवईहून आले होते. आमच्या घरात कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. अकरावी सायन्सला नाव लागलं नाही तर बदलापुरात शिवणक्लास, असं घरी ठरलं होतं. यादीत माझं नाव नव्हतं. शेजारी मामा वेटिंगचा कागद चिकटवत होते, त्यावर सातवं होतं. मी त्यावर बोट ठेवून बाबांना दाखवलं, पण त्याचा अर्थ आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हता.

"चल, नाय लागला नाव," बाबा म्हणाले. "शिवान तरी शिकशील." आम्ही फाटकाकडे निघालो.

मामा मागून धावत आले आणि त्यांनी बाबांच्या पाठीवर हात ठेवला. "दादा, वेटिंगला नाव असून निघालात कुठं?"

"सातवा हाय. म्हंजे नायच ना ते?"

"वेटिंग म्हणजे नाही, असं नसतं. वेटिंग म्हणजे बसा. तीनला फीची खिडकी बंद होते. जे आले नाहीत त्यांच्या जागा इथंच नावं पुकारून देतात. जो हजर नाही, त्याला सोडून पुढचा."

आम्ही पायरीवर बसून राहिलो. जागा तीनच उरल्या होत्या. माझ्या वरच्या सहांपैकी चौघे कधीच घरी गेले होते. तिसरी जागा माझी. मी समोरच उभी होते, तरी मामांनी माझं नाव दोनदा पुकारलं.

घरी आईला बाबांच्या सदऱ्यावर वाळलेल्या खळीचा पंजा दिसला. ती सदरा भिजत घालायला निघाली तर बाबा म्हणाले, "ऱ्हाव दे आज. ॲडमिशनचा शिक्का हाय तो."

पाच वर्षांनी बी.एस्सी. होऊन मी पेढे घेऊन गेले. मामा तेव्हा निवृत्तीला आले होते. पेढा तोंडात टाकत त्यांनी विचारलं, "वेटिंगला कितवी होतीस गं?"

"सातवी."

"मग बरीच वर होतीस की."

मामा आता नाहीत. मी बदलापूरच्या एका कॉलेजात शिकवते. यादी लागते त्या दिवशी माझं लक्ष फळ्याकडे नसतं, फाटकाकडे असतं. मुलीला घेऊन परत निघालेला एखादा बाप दिसला, की मी मागून हाक मारते, "दादा, जरा बसा."