आरोपीची वकील

चिठ्ठी उघडली आणि मी मनातल्या मनात सरांना एक कचकचीत शिवी हासडली. चिठ्ठीत लिहिलं होतं, ‘आरोपीचे वकील’.

दुष्काळाचं वर्ष होतं. नगरच्या आमच्या लॉ कॉलेजात दरवर्षी खोटं कोर्ट भरायचं. त्यात विद्यार्थीच वकील आणि विद्यार्थीच साक्षीदार. या खेपेला सरांनी खटला बेतला होता गावच्या विहिरीचा. सरकारी टँकर सार्वजनिक विहिरीत पाणी ओततो, आणि एका ख्रिस्ती बाईला गावकरी त्यात पोहरा टाकू देत नाहीत, कारण तिचे आजे-पणजे गावकुसाबाहेरचे. सरांना काय ठाऊक, की ही बाई म्हणजे हुबेहूब माझी आई! काष्टीकडच्या एका गावात माझे वडील मिशनच्या शाळेत मास्तर होते. वस्तीचा आड आटल्यापासून ही मास्तरीणबाई घागर घेऊन गावविहिरीच्या पायऱ्यांखाली उभी राहायची आणि म्हणायची, “पाणी वाढा, माय.” वरच्या एखादीला दया आली, तर ती हात लांब धरून वरूनच पाणी ओतायची. निम्मं मातीत जायचं.

“चिठ्ठ्या बदलू,” कॉलेजसमोरच्या टपरीवर चहा पिताना कर्जतचा माझा वर्गमित्र म्हणाला. घरची पाटीलकी असलेला हा गडी, आणि त्याच्या वाट्याला आली होती त्या बाईची बाजू. “तुम्ही बाईच्या बाजूने बोला. आरोपीचं मी बघतो, मला घरूनच सवय आहे.”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. त्या आठवड्यात टपरीवर दुसरा विषयच नव्हता. वकील कुणाचा, अशिलाचा की न्यायाचा? घटनेच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता संपवली म्हणजे संपली, मग काथ्याकूट कशाला, असं म्हणणाराही एक महाभाग होता. दुसऱ्याने तारे तोडले, “बाईमाणूस कोर्टात उभं राहिलं की युक्तिवाद थोडा, रडणंच फार.” हे ऐकल्यावर चिठ्ठी बदलायचा प्रश्नच उरला नाही. शिवाय न्यायाधीश म्हणून शहरातले एक नावाजलेले वकील येणार होते, आणि त्यांना ज्युनियर हवा होता. बाईला आपल्या ऑफिसात बसवणारा वकील मी तोवर पाहिला नव्हता. मला शिरायला एवढीच एक फट दिसत होती.

नेमकी खोट्या कोर्टाच्याच दिवशी सकाळी आई एसटीने नगरला आली. आदल्या दिवशी तिने विहिरीच्या पायरीवर नुसता पाय ठेवला, तर एकीने तिची घागर लाथेने उडवली होती.

“तू वकील व्हनार ना? मंग लिही फिर्याद,” ती म्हणाली. “तुझे वडील नगं म्हन्त्यात. मी करनार.”

खोटं कोर्ट झालं की बोलू, असं मी म्हटलं. ती वर्गात शेवटच्या बाकावर जाऊन बसली.

मित्र फार छान बोलला. घटना, समता, तहानलेल्याचा हक्क. टाळ्या पडल्या. मग मी उठले. अनुसूचित जातीच्या माणसाला अडवलं, तर ते अस्पृश्यतेपोटीच अडवलं असं कोर्टाने धरून चालायचं, अशी कायद्यात सोय होती. तसं नव्हतं हे आरोपीने सिद्ध करायचं. पण ख्रिस्ती माणूस त्या जातींत धरलेला नव्हता. मी तेवढंच पकडलं.

“बाई ख्रिस्ती आहे,” मी म्हणाले. “माझा अशील सांगतो, रांग मोडली म्हणून अडवलं. कारण जात होती, हे आता फिर्यादीने सिद्ध करावं. जातीचा उच्चार कुणी केला? कोणत्या साक्षीदाराने ऐकला?”

मित्राने साक्षी पुन्हा चाळल्या. कुणीच ऐकला नव्हता. तिकडे बघायचं नाही असं ठरवूनही मी शेवटच्या बाकाकडे बघितलं. आईने पदर तोंडाशी धरला होता.

आरोपी सुटला. वकीलसाहेब मला म्हणाले, “परीक्षा झाली की ऑफिसात या.” पश्चात्ताप झाला का, असं लोक मला विचारतात. नाही झाला. संताप झाला, आणि तो अजून गेलेला नाही.

आईसोबत मी एसटी स्टँडवर आले. मित्रही पडेल चेहऱ्याने सोबत आला होता.

“त्येंचा वकीलबी ह्येच बोलंल का?” आईने विचारलं.

“हेच बोलेल.”

“मंग बरं झालं, आधी तुझ्याच त्वांडनं ऐकलं. आता काय करायचं?”

“त्यांनी कारण स्वतःच्या तोंडाने सांगायला हवं. चारचौघांत. आणि ऐकणारा आपल्या वस्तीतला नको.”

“म्हंजी मी पोहरा टाकायचा.”

“हो.”

“आन् मारलं तर?”

वडिलांची शाळा त्याच गावात, आमचं घर त्याच गावात. मला भीती वाटली, आणि ती आईला दिसली.

“ऐकायला मी येतो,” मित्र म्हणाला. “पाटलाच्या पोराला कुणी खोटं पाडणार नाही.”

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर रिकामा होऊन गेला आणि आई घरचा पोहरा नि दोर घेऊन विहिरीच्या पायऱ्या चढली. मागे घागर घेऊन मी. मित्र पारापाशी उभा होता. पाणी भरणाऱ्या बायका वळून बघू लागल्या. घागर उडवणारी आडवी आली.

“खाली उतर.”

“का म्हून?” आईने विचारलं.

“उतर म्हन्ते ना!”

“का म्हून, त्ये सांग. ह्या पाव्हन्याम्होरं सांग.”

बाईने मित्राकडे पाहिलं. माणसं जमली. एक म्हातारा “अगं, ती—” म्हणून पुढे सरसावला, तर कुणीतरी त्याचा सदरा मागे ओढला. मी घागर छातीशी आवळून मनात घोकत होते: बोल. एकदाच बोल. एक शब्द मिळाला की माझा खटला उभा राहतो.

कुणी बोललं नाही. रोजचीच गोष्ट, पण परक्या माणसासमोर कुणाच्या तोंडून ती निघेना. आडवी आलेली बाई तशीच उभी होती, पण आता ती पायांकडे बघत होती.

आई तिच्या बाजूने कठड्याशी गेली आणि तिने दोर सोडला. खाली पोहरा पाण्यात पडल्याचा आवाज आला.

“आता मी साक्ष कशाची देऊ?” मित्र माझ्याजवळ येऊन कुजबुजला.

खटला गेला होता. आई दोर ओढत होती, पोहरा हिंदकळून पाणी सांडत होतं.

“बघत काय ऱ्हायलीस?” ती माझ्यावर खेकसली. “घागर धर.”