तलावाच्या पाळीवरची ढाल

पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याच्या कामात मला काही वर्षं एकच पद होतं. पिशव्या सांभाळण्याचं. जाळ्यातून सोडवलेला पक्षी लगेच सुती पिशवीत ठेवायचा, नाडी आवळायची आणि पिशवी दोरीवर टांगायची, म्हणजे आतल्या अंधारात तो शांत होतो. मग मॅडम एकेक पिशवी उतरवणार, पक्ष्याचे पंख मोजणार, वजन करणार, नंबर कोरलेली इवलीशी कडी पायात चढवणार आणि त्याला सोडून देणार. पुढे तो लडाखात किंवा सैबेरियात कुणाच्या हाती लागला, तर कडीवरून कळतं की हे साहेब आपला हिवाळा नागभीडकडच्या एका जुन्या, मालगुजारांनी बांधलेल्या तलावावर काढतात. या सगळ्या जागतिक कार्यात माझा वाटा नाडी आवळण्यापुरता होता.

मॅडम पुण्याकडच्या. आयुष्यभर पक्ष्यांवर काम केलेल्या, आवाज इतका हळू की आपण बहिरे झालो की काय असं वाटावं. माझं उलट. मी बल्लारपूरच्या शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेली बाई. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा आवाज निवृत्त होताना शाळेत जमा करून घेत नाहीत, तो माझ्याकडेच राहिला. पक्षी जाळ्यात दिसला की मी आनंदानं ओरडायची. जाळ्यातला घाबरायचा, झाडावरचे उडायचे आणि मॅडम डोळे मिटून घ्यायच्या.

त्यात आदल्या वर्षीचा पराक्रम. ही जाळी केसाएवढ्या बारीक काळ्या धाग्याची असतात, दिसू नयेत म्हणूनच तशी विणलेली. धुक्यातून झपाझप चालत येताना मी सरळ जाळ्यात घुसले. चष्मा जाळ्याच्या एका आडव्या खणात, अंबाडा दुसऱ्या खणात आणि मी मधे. मॅडमनी मला सोडवलं, अगदी पद्धतशीर, आधी हात, मग मान, मग केस. पिशवीत घातलं नाही एवढंच. आमचे हे तलावाच्या मातीच्या पाळीवर बसून पोट धरून हसत होते.

त्यामुळे यंदा दिवाळीनंतर तलावावर पोचल्याबरोबर मॅडमनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "माझं इथं हे शेवटचंच वर्ष. गुडघे ऐकत नाहीत. मी जायच्या आत तुम्ही एक पक्षी तुमच्या हातानं, एक शब्द न बोलता, जाळ्यातून सोडवून दाखवा. कडी घालायच्या परवान्यासाठी मी तुमच्या नावानं शब्द टाकीन, मग पुढच्या वर्षीपासून हा तलाव तुम्ही सांभाळायचा. नाहीतर इथलं काम बंदच होईल."

घरी मी कापसाचे बोळे करून ते दोऱ्यांच्या गुंत्यातून सोडवायचा सराव केला होता. बोटं तयार होती. प्रश्न तोंडाचा होता.

आमचे हे राजुऱ्याकडच्या कोळसा खाणीतून निवृत्त झालेले. पक्ष्यांतलं त्यांना ओ की ठो कळत नाही. जमिनीवर असली की चिमणी, पाण्यात असलं की बदक, इथं विषय संपतो. ते येतात चहा करायला आणि मला चिडवायला. यंदा म्हणाले, मी बांबू रोवून देतो. गावातून दोन सरळसोट बांबू आणले, बोरूच्या बेटात आणि धानाच्या बांधात जी मोक्याची फट आहे तिथं रोवले आणि मला दाखवायला बोलावलं. दोन्ही बांबूंच्या शेंड्याला लाल कापड बांधलेलं, आणि त्याच्या वर शेतात सापडलेल्या मोरपिसांचा एकेक झुबका.

"हे काय सोंग?" मी विचारलं.

"अवो, खाणीत जिथी टक्कर व्हाचा धोका राह्यते तिथी लाल कपडा बांधतच असते. सेफ्टी फर्स्ट."

"अन् पिसं?"

"नुसता लाल कपडा बरा नाई दिसत," असं म्हणून ते चहाकडे वळले.

मॅडम हसल्या. कापड उंच आहे, खाली जाळ्याला त्रास नाही, राहू द्या म्हणाल्या. आम्ही जाळं लावलं, गुंडाळून बांधून ठेवलं आणि मुक्कामाला गावात गेलो. पहाटे उघडायचं असं ठरलं.

आता हे बाहेरच्यांना सांगायला हवं. आमच्या झाडीपट्टीत दिवाळी संपली की गावोगाव मंडई भरते. दिवसा बाजार, पाळणे, रात्री नाटक. आणि मंडईचा मान गुरं राखणाऱ्या गोवारी लोकांच्या ढालीला. ढाल म्हणजे लढाईतली नव्हे. उंच बांबू, त्याला रंगीत कापड, मोरपिसांचा साज, तो त्यांचा देव. वाजतगाजत मंडईत येतो, लोक पाया पडतात. हे मला लहानपणापासून ठाऊक. ह्यांनाही ठाऊक. तरी कापड आणि पिसं बांबूला बांधताना दोघांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडला नाही. सेफ्टी फर्स्ट!

पहाटे आलो तर दोन्ही बांबूंना हळदकुंकू लागलेलं. बुंध्याशी नारळ फोडलेला, उदबत्त्यांचा धूर अजून निघत होता, आणि गुंडाळलेल्या जाळ्यावर कुणीतरी झेंडूची माळ घातली होती. संध्याकाळी गुरं घेऊन परतणाऱ्यांनी पाहिलं होतं. मंडई तोंडावर, तलावाच्या पाळीवर ढाल उभी, तीही जोडीनं. कुण्या गावाची ते विचारायला तिथं कोणी नव्हतं, म्हणून आधी पाया पडले आणि मग गावात सांगितलं.

उजाडेपर्यंत अख्खं गाव पाळीवर. कुणीतरी मोबाईलवर फोटो टाकला, तशा शेजारच्या गावांतून मोटरसायकली यायला लागल्या. पोरी ढालीसोबत सेल्फी काढत होत्या. एकानं मुरमुऱ्याची पाटी मांडली. पलीकडे पाण्यातले तलवार बदकांचे थवे उठून दूरच्या कोपऱ्यात गेले. बोरूत चिटपाखरू राहिलं नाही. मॅडम दुर्बीण गळ्यात अडकवून एका दगडावर बसल्या होत्या. "अशा गर्दीत मी जाळं उघडणार नाही. एखादा अडकला तर जिवाला मुकेल," त्या म्हणाल्या. ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी मंडई आणि दुपारी मॅडमची गाडी. म्हणजे माझ्या हाती एकच सकाळ उरली होती.

माझं पित्त खवळलं. मी ह्यांना पाळीच्या पार टोकापर्यंत नेलं आणि मनसोक्त झापलं. तुमाले कोनं सांगतलं होतं, तुमची अक्कल खाणीतच राह्यली काय, इथपासून सुरुवात करून मी लग्नापर्यंत मागे गेले. टोकाला नेण्याचा काही उपयोग झाला नाही. पाण्यावरून आवाज फार छान जातो. ढालीपाशी जमलेले लोक दर्शन सोडून आमच्याकडे बघायला लागले. हे मान खाली घालून उभे होते, पण खांदे हलत होते. हसत होते!

मग मी गावातल्या म्हाताऱ्या गोवारी भाऊंकडे गेले. गावाची खरी ढाल आयुष्यभर त्यांनी उचललेली, त्यांचा शब्द सगळे मानतात. अंगणात बसून ते त्या ढालीसाठी मोरपिसं निवडत होते. मी सगळं सांगितलं. बांबू आमचे आहेत, तो देव नाही, सेफ्टी आहे. ते उपटून दुसरीकडे नेऊ का?

भाऊंनी पिसं खाली ठेवली. "कुंकू लागलं ना बाई? मंग आता कसं उपटाचं? उद्या आमच्या ढालीसंगं मंडईत जाईन, तवाच निघन."

"पण भाऊ, उद्या सकाळी तिथं शांतता नसली तं माह्या कामाचा सत्यानास होते." मी सांगता सांगता रडकुंडीला आले. मॅडम जाणार, तलावाचं काम बंद पडणार, मी आयुष्यभर नाड्या आवळणार, सगळं बोलून टाकलं.

भाऊंनी पिसं पुन्हा हातात घेतली. मग गंभीर चेहऱ्यानं म्हणाले, "या ढालीचा एक नेम हाये. सूर्य निघेपावतर तिच्यापाशी कोनी बोलाचं नाई. पायात जोडा नाई. हातात मोबाईल नाई. मी गावात सांगतो."

मी हात जोडले. उठून दारापर्यंत गेले तर मागून आवाज आला.

"बाई, नेम साऱ्याइले सारखा हाये. तुमाले बी."

या नेमाबद्दल मी नंतर दूरदूरच्या गावांत विचारलं. कुणीही ऐकलेला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही पोचलो तेव्हा गार वारा सुटला होता आणि पाळीच्या मागच्या उतारावर लोक आधीच बसलेले होते. अनवाणी, कांबळी पांघरून, मुकाट. आज ढाल मंडईत जाणार म्हणून सगळे आले होते. मी जन्मभर वर्गासमोर उभी राहून "हाताची घडी, तोंडावर बोट" म्हणून घसा फोडला, पण इतका गुणी वर्ग मला कधी मिळाला नाही. अडचण अशी की त्या वर्गात या वेळी मीही होते.

मॅडमनी खुणेनं जाळं उघडायला सांगितलं. आम्ही मागे सरकलो. धान कापलेल्या बांध्यांवर, म्हणजे शेतांवर, धुकं होतं. वरून चक्रवाकांची जोडी आवाज करत गेली आणि माझा हात आपोआप वर उठला, तोंडही उघडलं. ह्यांनी माझ्या तोंडासमोर चहाचा कप धरला. मी चहा पिऊन टाकला.

मग जाळं हललं. खालच्या खणात काहीतरी फडफडत होतं. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. जा.

मी गेले. गप्पीदास होता. मुठीत मावेल एवढा, छाती विटकरी, थंडीपुरता उत्तरेकडून उतरलेला. नावाला जागून तो मला चक् चक् करून शिव्या देत होता. इतक्या लोकांत बोलायची परवानगी फक्त त्याला होती. मला त्याला उत्तर द्यायची इतकी अनिवार इच्छा झाली की मी जीभ दातांत धरली. आधी तो कोणत्या बाजूनं आला ते बघायचं. मग पाय. धागा नखाभोवती दुहेरी गुंतला होता. माझी बोटं गारठली होती. पाठीमागे सगळं गाव श्वास रोखून. पाय सुटले. एक पंख सुटला. दुसऱ्या पंखापाशी तो अचानक उसळला आणि गुंता आणखी आवळला गेला. मॅडम एक पाऊल पुढे आल्या. मी त्यांना डोळ्यांनीच थांबवलं. पुन्हा पहिल्यापासून, पाय, पंख, पंख, मान. आणि तो माझ्या हातात आला, दोन बोटांच्या मधे मान, तळव्यावर ऊबदार पाठ, काळीज नुसतं धडधडत होतं. त्याचं की माझं ते सांगता यायचं नाही.

मॅडमनी चिमटा माझ्याच हातात दिला. कडी मी चढवली. पायावर सहज फिरते ना ते त्यांनी पाहिलं. मग मी तळवा उघडला. तो क्षणभर तसाच बसून राहिला, माझ्या अंगठ्यावर शिटला आणि गेला. उतारावर बायकांनी पदर तोंडाला लावले होते. कोणी हसलं नाही. सूर्य निघायचा होता.

धानाच्या बांधामागून उजेड वर आला तेव्हा मॅडम माझ्या कानाशी आल्या. "हात तुमचे चांगले आहेत, हे मला कधीचं माहीत होतं. तलाव तुमचा." मला रडू फुटलं, तेही मोठ्यानं. नेम संपला होता.

थोड्या वेळानं डफ वाजवत गोवारी आले. आम्ही जाळं उतरवून गुंडाळलं. भाऊंनी दोन्ही बांबूंना नमस्कार केला, मग आमच्या ह्यांच्याकडे वळले. त्यांच्या डोळ्यांत खट्याळपणा होता.

"आता सांगा. लाल कपडा समजला. खाणीतला मानूस, सवय राह्यते. पण मोरपिसं काऊन बांधले? म्या दोन दिवस विचार केला, मले काई सुचलं नाई."

हे कान खाजवायला लागले. टाळायचा त्यांचा विचार होता, पण सगळे ऐकत होते.

"मागच्या साली ही धुक्यात जाळ्यात घुसली होती," ते म्हणाले. "मी हासलो तवा, पण मंग लय भेव वाटलं. डोळ्यात बिळ्यात काई लागलं असतं तं? म्हणून कपडा बांधला. पण नुसत्या लाल कपड्याकडं ही थोडीच पाह्यते? मी तीस वर्सं लाल शर्ट घालून हिच्यासमोर फिरलो. पिसं दिसले का मात्र ही जागच्या जागी थांबते."

पाळीवर एकच हशा उसळला. डफ पुन्हा सुरू झाला, बांबू उचलले गेले, मोरपिसं डोलत मंडईकडे निघाली. हे माझ्याकडे न बघता चहाची भांडी गोळा करायला लागले. मी तिथंच उभी होते. आता कोणी मला गप्प राहायला सांगितलेलं नव्हतं, तरी तोंडातून एक शब्द फुटला नाही.