पाहून ठरवलेला कॅन्सर

"बठ्ठा डाक्टर म्हनतस कॅन्सर शे. तुम्हीबी तेच सांगा, म्हंजे तिले घर लई जातस."

सिंधूबाईंचे सासरे नाना स्कॅनची फिल्म पुढे करत अहिराणीत म्हणाले. सगळ्याच डॉक्टरांनी कॅन्सर म्हटलं होतं; मीही म्हटलं की ते सुनेला घरी नेणार होते. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मी धुळ्यात न्यूरोसर्जन होतो. पस्तिशीच्या सिंधूबाई साक्रीकडच्या एका खेड्यात शिक्षिका. महिन्यापासून त्यांना शब्द सापडत नव्हते. खडूला चमचा म्हणायच्या. चुकलं हे कळायचं, मग रडायच्या.

फिल्मवर डाव्या कानाच्या वर, मेंदूत एक पांढरं कडं होतं. आत काळं. असं कडं कॅन्सरचं असतं, टीबीच्या गाठीचं असतं, नाहीतर पुवाचं. रिपोर्टात लिहिलं होतं 'बहुधा कॅन्सर'. तो 'बहुधा' मधल्यामध्ये कुणी गिळला, देव जाणे. तीन आठवडे बाई नुसत्या स्टेरॉइडवर होत्या.

"कान वाहतो का हिचा?" मी विचारलं.

"ल्हानपनपासून वाहस. कोनी इचारंच नही."

मी तडक आमच्या सीनियर फिजिशियनकडे गेलो. "सर, बायॉप्सी करू. कवटीला बारीक छिद्र पाडून, स्कॅनवर मोजून सुई गाठीत घालायची. आत काय आहे ते काढून तपासायचं."

"मरणाऱ्या बाईच्या डोक्यात सुई कशाला? ब्लीडिंग झालं तर?"

"मरणार हे कुणी तपासलं, सर?"

"तीस वर्षं प्रॅक्टिस करतोय मी!"

"पण हिच्या डोक्यात काय आहे, ते कुणीच पाहिलेलं नाही."

ते उठून गेले. मी वॉर्डात परतलो.

रक्तस्राव, लकवा, सगळे धोके मी घरच्यांना सांगितले. नाना घुटमळले. सिंधूबाईंनी माझ्या हातातून पेन ओढून घेतलं आणि कन्सेंटच्या फॉर्मवर स्वतः सही केली.

जागा बधिर करून छिद्र पाडलं. सुई मोजून आत सरकवली, पुन्हा स्कॅन केला. टोक बरोबर कड्यात. सिरिंज ओढली. घट्ट, पिवळा, घाण वासाचा पू! कानातलं इन्फेक्शन मेंदूत गेलं होतं. स्टेरॉइडने सूज उतरली, वरवर बरं वाटलं, आणि आत पू वाढत राहिला.

सगळा पू काढला. सहा आठवडे अँटिबायोटिक्स दिली, मग कानाचं ऑपरेशन झालं. सिंधूबाई वाचल्या. बोलणं बरंचसं परत आलं, पण वस्तूंची नावं अडतच राहिली. भाषा शिकवणं त्यांना सोडावं लागलं. त्या गणित घेऊ लागल्या. तीन आठवडे आधी सुई घातली असती तर?

सर कॉरिडॉरमध्ये भेटले. "लकी केस," म्हणाले.

स्कॅन गाठ कुठे आहे ते सांगतो. ती कशाची, हे दर वेळी सांगत नाही. ते तपासेपर्यंत 'अजून माहीत नाही' एवढं लिहिल्याने कुणाची डिग्री जात नाही.