दारातून परत गेलेली पत्रं

पोस्टमनच्या गाडीचा आवाज आला की माझे सासरे संडासात जायचे. हसू नका, खरंच जायचे. हातातलं वर्तमानपत्र खुर्चीवर टाकून आतून कडी घालायचे आणि गाडी कोपऱ्यावरून वळेपर्यंत बाहेर यायचे नाहीत. दारात उभं राहायचं काम माझं. "आबा बाहेरगावी गेलेत," हे मी पहिल्यांदा म्हणाले तेव्हा जीभ अडखळली होती. दुसऱ्यांदा अडखळली नाही, आणि मला त्याचीच भीती वाटली.

आमचं घर बारामतीत, इंदापूर रस्त्यापासून जरा आत. खालच्या दोन खोल्या आबांनी निवृत्तीच्या पैशातून बांधलेल्या. वरचा मजला माझ्या नवऱ्याने बँकेचं कर्ज काढून चढवला, आणि त्यासाठी अख्खं घर तारण ठेवलं. घर आबांच्या नावावर, म्हणून कर्जावर त्यांचीही सही होती आणि बँकेचे कागद त्यांच्याच नावाने यायचे. तेव्हा तो एमआयडीसीत एका कंपनीत कायम होता. पुढे कंपनीने गाशा गुंडाळला. नवऱ्याला दुसरीकडे ठेकेदाराकडे काम मिळालं, पण पगार निम्मा. हप्ता आधी उशिरा जायला लागला, मग एकाआड एक, मग जाईनासा झाला. बँकेचे फोन यायचे. ते आम्ही उचलले नाहीत, म्हणून पत्रं यायला लागली.

पत्र घ्यायचं नाही, हा आबांचा हुकूम होता. आणि या विषयात त्यांच्यापुढे बोलायची आमची छाती नव्हती, कारण आबा जन्मभर इंदापूरच्या कोर्टात बेलीफ होते. समन्स आणि नोटिसा गावोगाव नेऊन माणसाच्या हातात देणं, त्याची सही घेणं, नाही दिली तर तसा रिपोर्ट लिहिणं, हे त्यांचं काम. आधी सायकलवर, मग लुनावर. त्यांची एक आवडती गोष्ट होती. माझ्या माहेरची, म्हणजे नरसिंहपूरची, अक्कल काढायची असली की ती हमखास निघायची. तिथला एक माणूस आबांना येताना बघून सरळ नदीत उतरला आणि गळ्याइतक्या पाण्यात जाऊन उभा राहिला. आबा काठावर बसून राहिले. दिवस कलला तरी गडी बाहेर येईना. शेवटी त्यांनी रिपोर्ट लिहिला, 'इसम पाण्यात उभा आहे, कागद घेत नाही.' कोर्टाने पुढची तारीख दिली. मग त्याच्या पुढची. आबा निवृत्त झाले तरी तो दावा चालूच होता.

"कागद घेतला न्हाय म्हंजे लागला न्हाय," आबा शेवटी म्हणायचे. नरसिंहपूरच्या माणसाला हसता हसता ते स्वतः कधी त्या पाण्यात जाऊन उभे राहिले, ते त्यांनाही कळलं नसावं.

एक मात्र खरं. बरोबरीचे बेलीफ टपरीवर चहा पीत 'इसम मिळून आला नाही' असं ठोकून द्यायचे, तसं आबांनी कधी केलं नाही. उन्हातान्हात पायपीट केली, पण कागदावर खोटं लिहिलं नाही. त्याचा त्यांना भारी अभिमान, आणि आम्हालाही होता.

मार्ग नव्हते असं नाही. एका रविवारी जेवणं झाल्यावर नवऱ्याने ते सगळे मांडले. बँकेत जाऊन हात जोडायचे आणि मुदत वाढवून मागायची. वरचा मजला शिकायला येणाऱ्या मुलांना भाड्याने द्यायचा. माझ्या भावाकडे शब्द टाकायचा. नाहीतर आपणच गिऱ्हाईक बघून घर विकायचं, बँकेचं भागवायचं आणि उरेल त्यात कऱ्हाटीला आपल्या गावठाणातल्या जागेवर दोन खोल्या बांधायच्या.

आबांनी एकेकावर फुली मारली. "बँकेत पाय ठिवला की तुमी आपणहून घावला. भाडेकरू एकदा घुसला की निघत न्हाय, म्या कोर्टात लई बघितल्यात. सुनंच्या भावाकडं हात पसरायचा न्हाय. आन घर इकून कऱ्हाटीला गेलो तर भावकी पारावर बसून दात काढंल. आधी नोटीस लागू तर होऊ द्या, मग बघू."

मला मनातून घर विकावं असंच वाटत होतं. विकलं असतं तर निदान काही हातात राहिलं असतं. पण मी भांडी उचलून मोरीत नेली आणि बोलले नाही. एरवी मी गप्प बसणारी बाई नाही. नेमकी त्या दिवशी बसले.

तिसऱ्या पत्राच्या वेळी पोस्टमन गाडीवरून उतरला नाही. आमच्या दारात पाणी पिऊन जाणारा माणूस तो. आबांच्या चपलांकडे बघत म्हणाला, "वहिनी, दोनदा म्या 'बाहेरगावी' लिव्हलं. मला बी वर जाब द्यावा लागतो. आता 'घेण्यास नकार' लिव्हतो." मी मान हलवली. काय करणार होते?

त्यानंतर पत्रं बंद झाली. "दमलं जनू," आबा खुशीत म्हणाले. मला ती शांतता आवडली नाही. आठवड्याभरात मोटारसायकलवर दोघेजण आले, समोर थांबून घराचे फोटो काढले आणि न बोलता गेले. मग एक पांढरी गाडी आली. आतली बाई खाली उतरली नाही, नुसती काच खाली करून आमच्या गॅलरीकडे बघत राहिली. एकदा मी कपडे वाळत घालत होते, तर फाटकावर एक अनोळखी माणूस येऊन विचारू लागला, "ताई, बोअरचं पाणी उन्हाळ्यात टिकतं का?" मी भोळसटासारखी "टिकतं की" म्हणाले. मग का विचारता, म्हटलं तर "सहज" म्हणून तो निघून गेला. आत येऊन मी उगीचच घरातले सगळे नळ सोडून बघितले. त्या दिवसापासून मला घरात पाहुण्यासारखं वाटायला लागलं.

आणि मग एका सकाळी बँकेची दोन पोरं दारात उभी. मी मेथी निवडत होते. त्यांच्याकडे एक मोठा कागद आणि चिकटपट्टी होती. दारावर धूळ, त्यात वारा सुटलेला, पट्टी काही केल्या धरेना. माझी नजर संडासाकडे गेली. पण आबा या वेळी लपले नाहीत. चष्मा लावून ते बाहेर आले आणि थोडा वेळ त्या पोरांची धडपड बघत राहिले.

"पंच कुठं हायत?" त्यांनी विचारलं.

पोरं एकमेकांकडे बघू लागली.

"दोन पंच लागत्यात. आन ही पट्टी दोन दिसांत सुटंल. सूनबाई, खळ कर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण त्यांनी पुन्हा तेच सांगितलं, आवाज न चढवता. मी आत गेले, पातेल्यात गव्हाचं पीठ कालवलं आणि गुठळ्या मोडत गॅसपाशी उभी राहिले. आपल्याच दारावर आपलीच जप्ती डकवायला मी खळ शिजवत होते. तोवर आबांनी शेजारी आणि कोपऱ्यावरचा किराणावाला असे दोन पंच बोलावून आणले. कागदाला पाठीमागून खळ लावली, डोळ्यांच्या उंचीवर सरळ रेषेत धरला आणि मधून कडेला तळहात फिरवत असा बसवला की एक सुरकुती राहिली नाही. मग मागे सरून वाचला. घराचा कागदोपत्री ताबा बँकेने घेतला आहे, असं त्यात लिहिलं होतं.

"लागली," एवढंच म्हणून आबा पायरीवर बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं बँकेत गेलो. जो पाय टाकायचा नाही म्हणून एवढं केलं, तो टाकला. तिथली अधिकारी माझ्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती. तिने फाइलमधून परत आलेली तिन्ही पाकिटं काढून आमच्यासमोर फोडली. मागची दोन नोटिशीची होती, आणि 'घेण्यास नकार' असा शेरा पडला की नोटीस लागली असंच धरतात, असं ती म्हणाली. पहिलं नोटिशीचं नव्हतं. नोकरी गेलेल्या कर्जदारांनी येऊन भेटावं, हप्ता कमी करून मुदत वाढवून देऊ, असं ते पत्र होतं. भेटायची शेवटची तारीख कधीच उलटून गेली होती. नवऱ्याने कपाळावर हात मारला.

तिने त्या पहिल्या पाकिटावरचा शेरा वाचला. "बाहेरगावी, असं दिसतंय. आजोबा, तुम्ही खरंच गावाला गेला होता ना? मग गावाला असल्यामुळे पत्र मिळालं नाही, असं लिहून द्या. मी वर पाठवते. विचार होऊ शकतो."

तिने कोरा कागद आणि पेन आबांपुढे सरकवलं. माझा जीव इतका हलका झाला की डोळे भरून आले. आबा खाली मान घालून त्यांच्या कोर्टातल्या वळणदार अक्षरात सावकाश लिहीत होते. सही केली, कागद फिरवून दिला. तिने तो वाचला आणि परत आबांपुढे सरकवला.

"आजोबा, हे मी वर नाही पाठवू शकत."

त्यांनी लिहिलं होतं, 'सदर दिवशी मी घरीच हजर होतो.'

रस्त्यावर आल्यावर मी भडकले. सासऱ्यांपुढे आवाज चढवायची ती माझी पहिली वेळ. आबा म्हणाले, "पोरी, उभ्या जन्मात खोटा रिपोर्ट लिव्हला न्हाय म्या."

"मग माझ्याकडून का वदवून घेतलात?"

ते पुढे चालू लागले. माझ्या तोंडून खोटं गेलेलं त्यांना चाललं, स्वतःच्या हातून चाललं नाही. मला त्यांचा राग येतो, आणि तो कागद लिहिताना वाकलेली त्यांची मान आठवली की त्यांची दयाही येते.

लिलावाच्या आधी गिऱ्हाईक मिळालं तर बँकेच्या संमतीने आम्ही घर विकू शकतो, एवढा एक मार्ग उरला होता. लोक यायचे, दारावरचं वाचायचे आणि पडेल भाव सांगून जायचे. एकदा मी तो कागद ओल्या फडक्याने काढायला गेले. आबांच्या हातचं काम ते, अक्षरं पुसट झाली पण कागद निघाला नाही.

लिलावाची तारीख पोस्टाने येणार होती. रोज दुपारी मी पायरीवर बसू लागले. आबाही शेजारी येऊन बसायचे. काल गाडी आमच्या दाराशी थांबली तेव्हा ते माझ्या आधी उठले. पोस्टमनने पिशवीत हात घालेपर्यंत त्यांनी खिशातलं पेन काढून टोपण उघडलं होतं. सही करून त्यांनी पाकीट न फोडताच माझ्या हातात दिलं. "तूच वाच," म्हणाले.

मी फोडलं. पुढच्या महिन्यातली तारीख होती.