आत्याच्या मरणाची बत्तीस पानं

वीस प्रकरणं आणि प्रत्येक प्रकरण बारा पानांचं, असं मी ठरवून टाकलं होतं. पहिलीच कादंबरी. परभणीच्या कॉलेजात वर्षानुवर्षं दुसऱ्यांच्या कादंबऱ्या शिकवल्या, त्यामुळे स्वतः लिहायला बसले तेव्हा आधी आराखडा केला. जुन्या कॅलेंडरची कोरी बाजू भिंतीला चिकटवली, तिच्यावर वीस चौकोन पाडले आणि एकेका चौकोनात एकेक घटना लिहिली. नवरा बघून म्हणाला, "टाइमटेबल झकास झालंय. मधली सुट्टी कुठाय?"

कादंबरी माझ्या आत्यावर होती. वडिलांची थोरली बहीण. मी तिला कधीच पाहिलं नव्हतं. आईवडिलांच्या बैठकीत तिचा एक काळापांढरा फोटो होता, दोन वेण्यांतला, त्याला चंदनाचा हार. माझ्या जन्माच्या आधी, ऐन विशीत, शेतात तिला पान लागलं, एवढं आम्हा भावंडांना सांगितलेलं. आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. आमचं गाव चुडाव्याजवळ, पण आम्ही वाढलो परभणीत. गावाकडे जाणं लग्नकार्यापुरतं. आत्याचा विषय निघाला की आई उठून आत जायची. दुःखानं जात असेल, असं मला वाटायचं.

एकोणीस प्रकरणं बरीचशी मापात बसली. तिचं बालपण, मॅट्रिकपर्यंतची शाळा, तिच्यासाठी आलेली स्थळं. विसाव्यात मात्र ती मरत होती आणि ते काही संपेना. तुरीचं शेत, बैलगाडी, गाडीत तिचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली तिची आई. बारा पानांचं प्रकरण बत्तीस पानांवर गेलं. त्याचे दोन तुकडे करावेत, की तीन? की आधीच्या प्रकरणांची पानं वाढवून तोल सांभाळावा? पुण्याच्या संपादकबाई फोनवर म्हणाल्या, "शेवट आटोपशीर हवा, हल्ली लोक मोठं प्रकरण बघूनच पुस्तक मिटतात." मला एकही ओळ काढवत नव्हती. शेवटी सगळा गठ्ठा वडिलांकडे नेऊन दिला. ते पोस्टातून रिटायर झालेले, वाचनाचा नाद मोठा. म्हटलं, शेवट कुठं कापायचा तेवढं सांगा.

आठवडा गेला तरी त्यांचा फोन नाही. मीच गेले. गठ्ठा टीपॉयवर होता, वर चष्मा.

"एकोणीस चांगली झालीत," ते म्हणाले. "विसावं काढून टाक."

"सगळंच? लांब झालंय हे मान्य आहे, पण..."

"लांबीचं न्हाई, माय. ते खरं न्हाई."

मला वाटलं, सापाचं वर्णन चुकलं असेल. मी विचारलंही तसं. त्यांनी मान हलवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "आक्का हाय. मानवतला असती."

शब्द कळले होते, त्यांचा अर्थ कुठं लावायचा ते कळत नव्हतं. मी हसलेसुद्धा, असं नंतर आईनं सांगितलं. मला आठवत नाही.

"कोण असते?"

"आक्का. तुझी आत्या. शाळेत मास्तरीण होती. आता घरीच असती."

आई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्याचा मागमूस नव्हता. तिथं मला दुसरा धक्का बसला. "तुलाही माहीत होतं?" तर ती म्हणाली, "गावात कोणाला माहीत न्हाई?"

वडिलांनी मग सांगितलं. आत्या गावातल्याच बौद्ध घरातल्या एका मुलाबरोबर निघून गेली होती. तो तेव्हा मास्तरकीचं शिकत होता. आजोबांनी दुसऱ्या दिवशी अंगणात उभं राहून सांगितलं, पोरीला पान लागलं, गेली. कणकेची बाहुली करून तिला अग्नी दिला. दहावा केला, तेरावा केला, गाव जेवलं. सगळ्यांना खरं माहीत होतं आणि सगळे जेवले. बाहुलीला खांदा द्यायला वडील होते. अठरा वर्षांचे.

"आणि तुम्ही तिला भेटता?"

"शेतातला कापूस घेऊन मानवतला जायचोच की मी दरसाल."

लहानपणी वडील मानवतहून आले की माझ्यासाठी विणलेला स्वेटर नाहीतर मोजे असायचे. बाजारात मिळाले, म्हणायचे. ते तिनं विणलेले का, मी विचारलं. ते "हां" म्हणाले. मला तिथं बसवेना. मी गठ्ठा उचलला आणि चप्पल न घालताच रस्त्यापर्यंत गेले. आईनं मागून हाक मारली तेव्हा पायाला ऊन लागलं.

पुढच्या रविवारी मी एसटीनं मानवतला गेले. वडील येतो म्हणाले होते, मीच नको म्हटलं. सगळ्या वाटेत मी एकच ठरवत होते, की दार उघडल्यावर काय म्हणायचं. मी जिला बत्तीस पानं घालवून मारलं होतं, ती आता दार उघडणार होती.

दार उघडलं ते एका उंच, पांढऱ्या केसांच्या बाईनं. हाताला पीठ. तिनं मला नीट बघितलं आणि म्हणाली, "ये. लय वेळ लावलास. भाकरी गार व्हायल्यात."

नाक माझ्या वडिलांचं. हनुवटी माझी. आरशात दिसते तशी. मी उंबऱ्यावरच रडायला लागले. तिनं पिठाच्या हातानंच मला आत ओढलं.

जेवताना तिनं सांगितलं की तिचे यजमान दोन वर्षांपूर्वी वारले, मुलगा औरंगाबादला नोकरीत आहे. भिंतीवर बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली शाळेतले ग्रुप फोटो. मी तिला काही विचारायच्या आधी ती म्हणाली, "तुझ्या लग्नाला आले होते मी. मागच्या रांगेत बसले. हिरवा शालू होता तुझा, तुला शोभत नव्हता."

घास खाली ठेवून मी विचारलं,

"जेवलीस का तिथं?"

"न्हाई. अक्षता टाकल्या आन निघाले. तुझे काका बघायलेत असं वाटलं."

जेवण झाल्यावर तिनं हात पुसून गठ्ठा मागितला. तिला सगळं कळलं होतं, वडिलांनी फोन केलेला. मला द्यायचा नव्हता, पण ती हात पुढे करून बसली. मग तिनं सरळ विचारलं, "माझ्या मरणाला किती पानं दिलीस?"

"बत्तीस."

"आन लग्नाला?"

"लग्न नाहीच त्यात. तू लग्नाआधीच..."

"गेले." तिनं वाक्य पुरं केलं.

ती तिथंच वाचायला बसली, खिडकीजवळ, शेवटचं प्रकरण आधी. मी भांडी घासून घेतली, कारण हातांना काहीतरी हवं होतं. तिच्या बाजूनं मध्येच एक हुंदका आला. धावत गेले तर ती डोळे पुसत होती. "चांगलं लिहिलंस की गं," म्हणाली. "माझं मलाच वाईट वाटलं. माय खरंच असं रडली असंल."

मी म्हटलं, हे सगळं काढून टाकणार आहे.

"काढू नको. झालंय ते. माझी बाहुली जाळली, लोक जेवले, हे खोटंय का? पण ते शेवटाला कशाला घालतीस? मधी टाक. माझ्या तेराव्याच्या दिवशी मी हितं चुलीवर पहिल्यांदा भाकरी केल्या. सगळ्या करपल्या. आमचे हे म्हणाले, लय झकास झाल्यात, आन पाणी पीत पीत खाल्ल्या. तिकडं गाव बुंदी खायलंय आन हितं आमी दोघं करपलेली भाकर. ते एकाच प्रकरणात बसव."

मला भिंतीवरचे वीस चौकोन आठवले आणि तिच्यासमोर लाज वाटण्याऐवजी हसू आलं. तिला सांगितलं. ती हसली नाही. शिक्षिकेसारखी विचारू लागली, पहिल्या चौकोनात काय, दुसऱ्यात काय. मग म्हणाली, "माझ्या लहानपणाला एवढी प्रकरणं? तिथं काय झालं माझं? दोनांत उरक. भांडणं फार लिहू नको, लोकांना तेवढंच हवं असतं. नोकरीचं मोठं लिही. पस्तीस वर्षं शिकवलं मी, त्यात कायच घडलं न्हाई असं वाटायचं, पण आयुष्य तेच होतं."

संध्याकाळ व्हायला आली होती. निघायची वेळ झाली तेव्हा मी विचारलं, माझी आजी गेली तेव्हा तुला कळलं का.

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "तुझ्या बापानं निरोप धाडला. मी चुडाव्याला उतरले. स्टेशनच्या बाकड्यावर बसले. गावात जायची हिंमत न्हाई झाली. जायचं का न्हाई, जायचं का न्हाई, एवढंच. मग परतीची गाडी आली, बसले."

मी लेखिका म्हणवणारी, माझ्या तोंडून निघालं ते असं, "त्याला तर मोठं प्रकरण लागेल."

"एक पान दे," ती म्हणाली. "पुढं लिहायसारखं काय न्हाई त्यात."

परभणीला उतरले. घरी जाऊन भिंतीवरचं कॅलेंडर काढलं. त्यानंतर कित्येक दिवस लिहिणं सुचलं नाही. आईशी बोलताना मी मध्येच थांबायचे, वाटायचं, अजून काय काय आहे जे गावाला ठाऊक आहे?

लिहायला घेतलं ते मानवतला जाऊन-येऊन. आता नऊ प्रकरणं आहेत. पहिली दोन छोटी. मरणाचं पाचवं, त्यात करपलेल्या भाकरी आल्यानं ते आणखी लांबलं. नोकरीचं सर्वांत मोठं, साठ पानांचं, ते वाचून संपादकबाईंनी दोनदा फोन केला. चुडाव्याच्या बाकड्याचं एक पान. त्याला मी स्वतंत्र क्रमांक दिला. त्या म्हणाल्या, एका पानाचं प्रकरण छपाईची चूक वाटेल. मी म्हटलं, वाटू द्या.

दिवाळीत वडील स्वतः जाऊन आत्याला घेऊन आले. ती रिक्षातून उतरत असताना शेजारच्या काकूंनी विचारलं, पाहुण्या कोण? वडील पिशव्या उतरवत होते. ते थांबले, सरळ उभे राहिले आणि गल्लीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "माझी सख्खी थोरली बहीण हाय." आत्या दचकली. तिनं माझा दंड घट्ट धरला, आणि त्या धरण्यावरून मला कळलं की हे वाक्य तिनं त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं होतं.