गुडघ्यातल्या सुया
स्पिरिटचा वास आला की कुसगावच्या वरच्या वाडीतलं ते म्हातारं जोडपं मला आठवतं. दोघं माझ्या दवाखान्यात आली तेव्हा आबांचा गुडघा टम्म सुजला होता. "भाताची लावणी आली की यांचं दुखणं निघतं," मावशी फणकारल्या. मी त्या गुडघ्यातलं पाणी काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं, तर युरिक ॲसिडचे बारीक, टोकदार कण चमकत होते. मावशींना बोलावून दाखवले. "ह्या सुया कुटनं आल्या?" "आबांच्या गुडघ्यातून. औषधानं विरघळतील," मी म्हणाले. त्या बराच वेळ पाहत राहिल्या. मग आबांजवळ बसून हळूच म्हणाल्या, "मला वाटलं, तुमी ढोंग करताय." आबा हसले. "मलाबी तसंच वाटाय लागलं व्हतं." आजही तसे कण दिसले की मी आधी घरच्यांना आत बोलावते.